फक्त लिनक्ससाठी लॅपटॉप घ्यायचा असेल तर काय तपासावे?

डोंबिवलीहून रोज लोकलने दक्षिण मुंबईतील महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायला येणाऱ्या एका प्राध्यापिकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ६० हजार रुपयांच्या आत लॅपटॉप घ्यायचा आहे आणि त्यावर विंडोज न ठेवता फक्त लिनक्स वापरायचे आहे. काम मुख्यतः आर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषांतले, शिवाय वर्गात प्रोजेक्टर जोडणे आणि मराठीत प्रश्नपत्रिका तयार करणे. त्यांच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे मोठ्या दालनात सवलतीत मिळणारा, एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स असलेला १५.६ इंची नवा लॅपटॉप, आणि दुसरा म्हणजे लॅमिंग्टन रोडवर ३५ हजारांना मिळणारा, दुरुस्त करून विकला जाणारा लेनोव्होचा थिंकपॅड टी१४, पहिल्या पिढीचा, एएमडी प्रोसेसरचा. दोन्ही दुकानदारांनी त्यांना सांगितले आहे की लिनक्स कुठल्याही लॅपटॉपवर चालते.

दुकानदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड आणि यूएसबी या गोष्टींची काळजी लिनक्स वापरणाऱ्याने करण्याचे दिवस केव्हाच सरले. आज बाजारातला इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा जवळपास कोणताही लॅपटॉप लिनक्सने सुरू होतो आणि पडद्यावर डेस्कटॉप दिसतो. मात्र सुरू होणे वेगळे आणि पाच वर्षे विनातक्रार रोजच्या वापरात राहणे वेगळे. हा फरक ठरतो तो जाहिरातीत ज्यांचे नावही नसते अशा लहान भागांवरून: वायफायचे कार्ड, कॅमेऱ्याची जोडणी, स्पीकरमागचा अ‍ॅम्प्लिफायर आणि झाकण मिटल्यावर यंत्राने नेमके काय करायचे हे ठरवणारे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या भागांवरच चालणारे सॉफ्टवेअर.

असे का होते हे समजले की निवड पुष्कळ सोपी होते. विंडोजसाठी प्रत्येक भागाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर, त्या भागाची कंपनी लिहिते आणि लॅपटॉपची कंपनी तो आधीच बसवून देते. लिनक्समध्ये ड्रायव्हरची योग्य जागा म्हणजे खुद्द कर्नल, लिनक्सचा गाभा. तिथे एकदा स्वीकारला गेलेला ड्रायव्हर कर्नलच्या पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर सांभाळला जातो, आणि नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. जो ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो, तो प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर पुन्हा बांधावा लागतो आणि कधीतरी नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात बांधला जात नाही. म्हणून माझी कसोटी इतकीच आहे की लॅपटॉपमधल्या प्रत्येक भागाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असला पाहिजे आणि आपण बसवणार असलेल्या डिस्ट्रोचा (उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचाचा) कर्नल त्या भागापेक्षा नवा असला पाहिजे.

ही कसोटी लावताना लॅपटॉपच्या नावावर विसंबून राहता येत नाही. काही वर्षांपूर्वी परळमधल्या एका लहान प्रयोगशाळेसाठी मी एकाच नावाचे १२ लॅपटॉप मागवले होते. त्यांतल्या आठांत इंटेलचे वायफाय कार्ड निघाले आणि चारांत दुसऱ्याच कंपनीचे, ज्याचा ड्रायव्हर तेव्हा कर्नलमध्ये नव्हता. खोक्यावरचे मॉडेल, रंग, किंमत सारे सारखेच होते. ते चार लॅपटॉप पुढे दोन वर्षे दर महिन्याला माझा एक शनिवार घेत राहिले. तेव्हापासून मी मॉडेलच्या नावाऐवजी खालच्या चिकटपट्टीवरचा पूर्ण उत्पादन क्रमांक विचारतो. उदाहरणार्थ, थिंकपॅड टी४८० म्हटले की त्याखाली २०एल५ किंवा २०एल६ ने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि एखाद्याने लिहून ठेवलेला अनुभव आपल्याच यंत्राला लागू पडतो की नाही हे त्यावरून कळते.

वायफायपासूनच सुरुवात करू, कारण ते चालले नाही तर बाकीचे दुरुस्त करण्यासाठी लागणारे इंटरनेटही मिळत नाही. इंटेलची कार्डे सर्वांत निर्धोक, कारण त्यांचा ड्रायव्हर इंटेलचे अभियंते स्वतः कर्नलमध्ये सांभाळतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डे एएमडीच्या लॅपटॉपमध्येही चालतात. एएक्स२०१ मात्र चालत नाही, कारण त्या कार्डाचे अर्धे काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होते. जुने कार्ड बदलायला निघालेले लोक इथे हमखास चुकतात. रिअलटेकची परिस्थिती गेल्या काही वर्षांत खूप सुधारली आहे, तरी ८८५२बीई या कार्डाचा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या कर्नलवर ते आपोआप चालत नाही. मीडियाटेकचे ७९२१ ठीक चालते, पण स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास बसवल्या गेलेल्या ७९०२ साठी कर्नलमध्ये अनेक वर्षे ड्रायव्हरच नव्हता. नावात एवढे साम्य असलेल्या दोन कार्डांचे नशीब इतके वेगळे असते. ब्रॉडकॉमची कार्डे आता नव्या लॅपटॉपमध्ये फारशी दिसत नाहीत, जुन्या यंत्रांत दिसली तर टाळावीत.

दुकानात विंडोज चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढे चार चिन्हांचा संकेतांक असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ‘डेव्ह’पुढचा संकेतांक नेमकी चिप सांगतो. हे दोन संकेतांक लिहून घेतले की घरी येऊन त्यांचा शोध घेता येतो, आणि विक्रेत्याला त्यांचा अर्थ माहीत असण्याची गरज उरत नाही. कार्ड सुटे आहे की मदरबोर्डवर झाळलेले आहे हेही विचारावे. सुटे असेल तर लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात ते बदलता येते. पातळ लॅपटॉपांत ते झाळलेले असण्याची शक्यता वाढते.

आता ज्या गोष्टीमुळे मुंबईत रोज प्रवास करणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास होतो तिच्याकडे वळतो. ती म्हणजे स्लीप. पूर्वीचे लॅपटॉप झाकण मिटल्यावर एस-थ्री नावाच्या अवस्थेत जात. त्यात मेमरी सोडून जवळपास सगळ्याचा वीजपुरवठा बंद होई आणि रात्रभरात बॅटरी जेमतेम दोन-चार टक्क्यांनी उतरे. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बहुतेक लॅपटॉपांतून एस-थ्री काढून टाकण्यात आले. त्याऐवजी आलेल्या पद्धतीत प्रोसेसर बंद न होता अतिशय कमी विजेच्या अवस्थेत पडून राहतो. हे नीट चालण्यासाठी यंत्रातल्या प्रत्येक भागाने झोपायला हवे, आणि एखादी एनव्हीएमई डिस्क किंवा एखादा कार्ड रीडर जरी जागा राहिला, तरी प्रोसेसर खोल झोपेत जात नाही. विंडोजवर ही जुळवाजुळव लॅपटॉपची कंपनी करून देते. लिनक्सवर ती त्या कंपनीने तपासलीच असेल असे नाही.

याचा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. संध्याकाळी झाकण मिटून पाठीवरच्या पिशवीत ठेवलेला लॅपटॉप, गर्दीच्या डब्यात, हवा लागायला जागा नाही, आणि तासाभराने घरी पिशवी उघडली तर यंत्र हात भाजेल इतके तापलेले आणि बॅटरी संपलेली. डोंबिवलीचा प्रवास तर याहून लांबचा आहे. अशा तापण्याने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि वर्गात पोहोचल्यावर यंत्र सुरूच झाले नाही तर तासिका वाया जाते. म्हणून लॅपटॉप निवडताना मी स्लीपला प्रोसेसरच्या वेगाच्या वर ठेवेन.

तपासणी कठीण नाही. लिनक्समध्ये ‘सिस’ या मूळ फोल्डरातल्या ‘पॉवर’मध्ये ‘मेम-स्लीप’ नावाची फाइल असते. ती वाचली की ‘एस-टू-आयडल’ आणि ‘डीप’ यांपैकी यंत्राला काय येते ते दिसते, आणि चौकटी कंसात असलेला शब्द म्हणजे सध्या लागू असलेली पद्धत. ‘डीप’ दिसले तर एस-थ्री उपलब्ध आहे. २०१८ ते २०२० च्या काळातल्या अनेक थिंकपॅडांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगांत, स्लीप स्टेट अशी नोंद असते आणि तिथे ‘लिनक्स’ हा पर्याय निवडला की एस-थ्री चालू होते. जिथे फक्त ‘एस-टू-आयडल’ आहे, तिथे यंत्र वाईट ठरत नाही. तिथे मोजमाप करावे: बॅटरीचा आकडा टिपून झाकण मिटावे, आठ तासांनी पुन्हा पाहावे. आठ ते दहा टक्क्यांपर्यंतची घट मी चालवून घेतो, त्याहून अधिक असेल तर काहीतरी जागे राहते आहे. एएमडीने अशा तपासणीसाठी स्वतःचे साधन प्रसिद्ध केले आहे आणि ते कोणता भाग जागा आहे हे बऱ्यापैकी नेमके सांगते. हायबरनेटचा, म्हणजे मेमरीतले सारे डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद करण्याचा, आधार घेऊ म्हटले तर एक अडचण लक्षात ठेवावी. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असताना प्रमुख डिस्ट्रोंचे कर्नल लॉकडाउन या निर्बंधित अवस्थेत राहतात आणि त्या अवस्थेत हायबरनेट बंद असते.

ग्राफिक्सविषयी माझे मत स्पष्ट आहे. इंटेल किंवा एएमडीचे प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरेसे असेल तर एनव्हिडिया घेऊ नये. एएमडीचा सध्याचा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्ये आहे, इंटेलचा त्याहून कितीतरी आधीपासून, आणि दोन्ही वापरणाऱ्याला काहीही बसवावे लागत नाही. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यानंतरच्या चिपांसाठी खुला केला आणि त्यानंतर परिस्थिती खरोखर सुधारली. तरीही हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्याच्या स्वाक्षरीची व्यवस्था पाहावी लागते, आणि लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असल्यामुळे कोणते केव्हा जागे राहते याकडे लक्ष द्यावे लागते. वर्गात शिकवणाऱ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की अशा बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआयचे पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. प्रोजेक्टर लावला की ती चिप जागी होते, पंखा वाढतो, बॅटरी उतरते, आणि ड्रायव्हर बिघडलेला असेल तर प्रोजेक्टरवर काहीच येत नाही. ज्यांना एनव्हिडियाची कुडा ही प्रणाली वापरून न्यूरल नेटवर्क शिकवायचे आहे त्यांना एनव्हिडियावाचून गत्यंतर नाही, त्यांनी ती घ्यावी आणि ही देखभाल मान्य करावी. आर आणि पायथनमधल्या संख्याशास्त्रासाठी तिची गरज नाही. त्या पैशात मेमरी घ्यावी.

कॅमेऱ्याबाबत सावध राहण्याची वेळ गेल्या काही वर्षांतच आली. लॅपटॉपमधला कॅमेरा आतून यूएसबीने जोडलेला असतो तेव्हा तो एका ठरलेल्या मानकाने चालतो आणि लिनक्सवर कधी त्रास देत नाही. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांच्या काही महागड्या, पातळ लॅपटॉपांत मात्र कॅमेरा इंटेलच्या आयपीयू६ या प्रक्रियकाला थेट जोडलेला असतो. त्याचा पायाभूत ड्रायव्हर २०२४ मध्ये कर्नल ६.१० मध्ये आला, पण प्रतिमेवरची पुढची प्रक्रिया वेगळ्या सॉफ्टवेअरने करावी लागते आणि प्रत्येक डिस्ट्रोमध्ये ती तितकीच तयार नाही. इथे जास्त पैसे मोजणाऱ्याला जास्त त्रास होतो हे मुद्दाम सांगायला हवे, कारण महाग यंत्र म्हणजे निर्धोक यंत्र असा आपला समज असतो.

स्पीकरचेही थोडेसे असेच आहे. काही मॉडेलांत स्पीकरमागे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर चिप असते आणि तिची माहिती फर्मवेअरने कर्नलला नीट दिली नसेल तर आवाज येतच नाही किंवा अगदी क्षीण येतो, आणि हेडफोन मात्र उत्तम चालतो. त्यामुळे तपासताना हेडफोनवर समाधान मानू नये. बोटाच्या ठशाचे सेन्सर काही चालतात, बरेच चालत नाहीत. ते चालले नाही तर पासवर्ड टंकावा, एवढ्यासाठी यंत्र नाकारू नये.

डिस्ट्रो आणि यंत्राचे वय यांची जोडी जुळवणे हा निवडीचाच भाग आहे. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे, डेबियन १३ चा ६.१२, आणि उबुंटू २४.०४ मूळ ६.८ घेऊन आले, त्यानंतर त्याला दर काही महिन्यांनी नवा कर्नल मिळत गेला. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि मधल्या काळातही नवे कर्नल देत राहते. याचा अर्थ असा की गेल्या महिन्यात बाजारात आलेल्या यंत्रावर डेबियनची स्थिर आवृत्ती बसवण्याचा आग्रह धरला तर दोष यंत्राचाही नाही आणि डेबियनचाही नाही. ज्यांना शांत, न बदलणारी व्यवस्था हवी आहे, त्यांनी बाजारात येऊन किमान वर्ष झालेले यंत्र घ्यावे. फर्मवेअरविषयी एक जुनी भीती अजून ऐकू येते, ती आता सोडायला हरकत नाही. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन निर्णय केला आणि जून २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून वायफाय वगैरेंना लागणारे मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असते.

यंत्राच्या बायोसचे अद्ययावतीकरण लिनक्समधून करता येते का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही, पण तो विचारावा. २०१५ मध्ये रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेल्या एलव्हीएफएस या सेवेवर कंपन्या आपले फर्मवेअर ठेवतात आणि लिनक्समधला एफडब्ल्यूअपडी हा प्रोग्राम ते उतरवून बसवतो. डेल त्यात आरंभापासून आहे, लेनोव्हो २०१८ मध्ये सामील झाली. पण कंपनी सामील आहे म्हणजे तिची सगळी मॉडेले आहेत असे नव्हे. व्यावसायिक मालिकांची मॉडेले बहुधा असतात, घरगुती मालिकांची बहुधा नसतात. अशा घरगुती यंत्राला बायोसमधला सुरक्षेचा दोष दुरुस्त करायचा असला, तर कंपनीच्या संकेतस्थळावर अनेकदा फक्त विंडोजवर चालणारी फाइल मिळते.

हाच धागा पुढे नेला तर कोणत्या मालिका पाहाव्यात हे कळते. थिंकपॅडच्या टी, एल आणि ई मालिका, डेलची लॅटिट्यूड, जिचे नाव २०२५ मध्ये बदलून डेल प्रो झाले, आणि एचपीच्या एलिटबुक व प्रोबुक या मालिका मोठ्या संस्था हजारोंच्या संख्येने घेतात. त्यांतले भाग वर्षभर तेच राहण्याचे प्रमाण अधिक, लिनक्सवर काम करणारे अभियंते स्वतः तीच यंत्रे वापरतात, आणि उबुंटूच्या प्रमाणित हार्डवेअरच्या यादीत त्यांची नावे वारंवार आढळतात. या यादीत मॉडेल शोधताना ते कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या वायफाय कार्डासह प्रमाणित झाले हेही पाहावे. आर्च या डिस्ट्रोच्या विकीवर लॅपटॉपनिहाय पाने आहेत, आपण आर्च वापरत नसलात तरी ती वाचावीत. कॅमेरा चालतो की नाही, स्लीपसाठी बायोसमध्ये काय बदलावे, असे तपशील तिथे एका तक्त्यात मिळतात. परदेशातल्या सिस्टम७६, टक्सेडो, फ्रेमवर्क या कंपन्या लिनक्सवाल्यांचा विचार करून यंत्रे बनवतात किंवा विकतात हे खरे, पण बिघाड झाला तर सुटा भाग मुंबईत मिळणार नाही, म्हणून रोजच्या कामाच्या यंत्रासाठी मी त्यांची शिफारस करत नाही.

आपल्याकडे डॉस असलेले, म्हणजे विंडोजविना येणारे, लॅपटॉप विंडोजच्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त मिळतात आणि ते लिनक्ससाठीच बनवलेले आहेत असा अनेकांचा समज होतो. तसे नसते. आतले भाग तेच असतात, फक्त परवान्याचे पैसे वाचतात. ते जरूर वाचवावेत, पण वरची सगळी तपासणी करून.

इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेच्या एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपांचा मोह सध्या टाळावा. स्नॅपड्रॅगन एक्सच्या लॅपटॉपांवर लिनक्सचे काम चालू आहे, पण प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी जुळवणी लागते. अ‍ॅपलच्या एम१ आणि एम२ वर ‘असाही लिनक्स’ नावाच्या प्रकल्पाच्या गटाने असामान्य काम केले आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी मुळात लिनक्सच वापरायचे असेल तर त्यासाठी ते यंत्र विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

मेमरी १६ जीबी घ्यावी. त्याचे एक स्थानिक कारण आहे. महाविद्यालयांत जुन्या प्रश्नपत्रिका बिगर-युनिकोड फॉन्टांत असतात आणि त्यांची सॉफ्टवेअरे विंडोजवरच चालतात. कधीतरी अशी फाइल उघडावीच लागते, तेव्हा आभासी यंत्रात, म्हणजे लिनक्समध्येच एका खिडकीत, विंडोज चालवणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, आणि ८ जीबीत ते फार रडतखडत चालते. नव्या मजकुरासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीच असतो, काहीही विकत घ्यावे लागत नाही, आणि इंग्रजीचा रुपयासह असलेला भारतीय लेआउट निवडला की उजवे ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचे चिन्ह उमटते. पडद्याबाबत एवढेच की १४ इंचांवर १९२०×१०८० किंवा १९२०×१२०० असावा, म्हणजे अक्षरांचा आकार अपूर्णांकात वाढवण्याच्या भानगडीत पडावे लागत नाही आणि प्रोजेक्टरशीही जुळते.

आता प्रत्यक्ष खरेदी. ग्रँट रोड स्टेशनला लागून असलेल्या डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे आपण ज्याला अजूनही लॅमिंग्टन रोडच म्हणतो तिथे, जाताना दोन पेनड्राइव्ह न्यावेत: एकावर उबुंटूची ताजी दीर्घकालीन आवृत्ती, दुसऱ्यावर ताजी फेडोरा. इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करता येतो, डिस्कला हात लागत नाही, आणि हे विक्रेत्याला आधी शांतपणे समजावून सांगितले तर जुन्या लॅपटॉपांचे बहुतेक दुकानदार हरकत घेत नाहीत. शक्यतो शनिवार टाळून सकाळी जावे, कारण या तपासणीला निवांत अर्धा तास लागतो. वायफायला फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहावा, स्पीकरवर आवाज ऐकावा, माइकवर बोलून ते परत ऐकावे, कॅमेरा उघडावा, प्रकाश कमीजास्त करण्याच्या कळा दाबाव्यात, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवून पाहावे, दुकानातल्याच एखाद्या मॉनिटरला एचडीएमआय जोडावे, आणि झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडावे. उघडल्यावर वायफाय पुन्हा जोडले जाते का हे विसरू नये, कारण पुष्कळ यंत्रे पहिल्या झोपेनंतरच आपला दोष दाखवतात. शेवटी कर्नलच्या नोंदी उघडून त्यात फर्मवेअर सापडले नाही असा संदेश कुठे आहे का हे शोधावे. उबुंटूवर एखादा भाग चालला नाही आणि फेडोरावर चालला, तर ते यंत्र फक्त नवे आहे, वाईट नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नये. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेखाली लपलेली असते, बायोसमध्ये ती बंद केली की दिसू लागते. मात्र त्या डिस्कवर विंडोज ठेवायचे असेल तर हा बदल आधी तयारी न करता करू नये, विंडोज सुरू होणे थांबते. एएमडीच्या काही नव्या थिंकपॅडांत पेनड्राइव्हवरून यंत्र सुरूच होत नाही, कारण सिक्युअर बूटमध्ये मायक्रोसॉफ्टचे तृतीय पक्षांसाठीचे प्रमाणपत्र मुळात बंद ठेवलेले असते. बायोसमध्ये ते चालू करण्याची नोंद असते.

जुन्या यंत्रासाठी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. बायोसमध्ये जाऊन सुपरवायझर पासवर्ड नाही ना हे स्वतः तपासावे. थिंकपॅडवर तो विसरला गेला असेल तर काढण्याचा सोपा मार्ग नाही. कायमस्वरूपी चालू केलेली चोरीविरोधी माग काढणारी सेवा असेल तर ते यंत्र सोडून द्यावे. लिनक्समधल्या यूपॉवर या साधनाने बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी शेजारी दिसते, ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरून सौदा करावा. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या यंत्राच्या पोर्टांत टॉर्च मारून हिरवट थर आहे का ते पाहावे. आणि बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून.

हमीबद्दल एक अनुभव. एका ग्राहकाच्या लॅपटॉपची एक कळ निकामी झाली तेव्हा सेवा केंद्रातल्या तंत्रज्ञाने यंत्रावर विंडोज नाही म्हणून तपासायलाच नकार दिला. वरिष्ठांशी बोलल्यावर काम झाले, पण चार दिवस गेले. व्यावसायिक मालिकांच्या बायोसमध्येच तपासणीचा कार्यक्रम असतो आणि तो कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय दोष दाखवतो, म्हणून असा वाद तिथे क्वचित होतो. नवा लॅपटॉप घेतलात तर मूळ डिस्कची प्रतिमा एका बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी.

आता आपल्या दोन पर्यायांकडे. मी टी१४ घेईन. त्याचे एएमडी ग्राफिक्स कर्नलमध्ये पूर्णपणे सांभाळले जाते, बायोसमध्ये स्लीपसाठी लिनक्सचा पर्याय आहे, पूर्ण आकाराचे एचडीएमआय आहे, वायफाय कार्ड सुटे आहे, मेमरी एका सुट्या स्लॉटात वाढवता येते, आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय लिनक्समधून चालते. शिवाय ते साधारण दीड किलोचे आहे, १५.६ इंची यंत्र घेऊन सकाळच्या जलद गाडीत उभे राहून पाहिले की या फरकाचे मोल कळते. नव्या लॅपटॉपची सवलत खरी असेलही, पण त्यातली वेगळी ग्राफिक्स चिप आपल्या कामाला लागत नाही आणि वायफाय कार्ड कोणते ते दालनातल्या विक्रेत्याने अजून सांगितलेले नाही. टी१४ मध्ये मेमरी ८ जीबीच निघाली तर सुट्या स्लॉटात आणखी ८ किंवा १६ जीबी तिथेच बसवून घ्यावी आणि बॅटरी उतरलेली असेल तर तीही बदलून घ्यावी, हे सारे धरूनही ६० हजारांतले पैसे उरतील. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री बायोस एफडब्ल्यूअपडीने अद्ययावत करावे, स्लीप स्टेट बदलावी, आणि दुकानदाराने परतीसाठी दिलेल्या दिवसांतच एकदा झाकण मिटलेले यंत्र पिशवीत घालून डोंबिवली ते सीएसएमटी असा पूर्ण प्रवास करून पाहावा.